पॅरिसचा कौल

आमच्या मंठ्याची माती काळी. कापसाला चांगली, ज्वारीला चांगली, पण टेनिसला बिलकुल कामाची नाही. पावसाळ्यात पायातली चप्पल ओढून घेते आणि उन्हाळ्यात अशी भेगाळते की चेंडू आत गेला तर काडीनं उकरून काढावा लागतो. तरी त्या मातीत माझ्या वडिलांनी टेनिसचं कोर्ट केलं. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. ते शाळेत खेळाचे मास्तर होते. तरुणपणी जालन्यात अधिकाऱ्यांच्या क्लबात त्यांनी हा खेळ पाहिला, थोडाफार शिकले, आणि मग कुणाला तंबाखूचं व्यसन लागावं तसं त्यांना टेनिसचं लागलं. शाळेच्या मागं त्यांनी पोरांच्या मदतीनं गुडघाभर काळी माती काढून टाकली, खड्ड्यात विटांचे तुकडे भरले, वर माळावरचा लाल मुरूम बैलगाडीनं आणून टाकला, चाळणीनं चाळला आणि दगडी रूळ फिरवला. सगळ्यात वर शेणाचा काला. हे सारवण मात्र पुरुषांच्या हाताला जमेना. मग दर पंधरा दिवसांनी आमची माय आणि माझी मोठी बहीण पदर-ओढण्या खोचून कोर्ट सारवायच्या. गल्लीतल्या बायका विचारायच्या, ‘‘केवढं मोठं अंगण हो मास्तरीणबाई तुमचं.’’ माय म्हणायची, ‘‘सारवायला माझं हाय. पाय ठिवायचा म्हणलं की मास्तर वरडतेत.’’

माझी बहीण, आक्का, माझ्याहून तीन वर्षांनी मोठी आणि डावरी. आमच्या घराण्यात डाव्या हातानं वाढलेलं कुणी खात नसे. थोरल्या काकांनी तर तिचा डावा हात ओढणीनं कमरेला बांधून तिला जेवायला बसवलेलं मला आठवतं. अण्णांनी शेवटी तडजोड काढली. जेवण उजव्या हातानं, रॅकेट डाव्या हातानं. ‘‘देवाला दोन्ही हात सारखेच,’’ ते काकांना म्हणाले. काका गावाकडची सगळी शेती बघायचे आणि अण्णांचे वडीलभाऊ म्हणून त्यांचा शब्द आमच्या घरात चालायचा. पण कोर्टावर नाही. कोर्टावर आक्का डाव्या हातानंच मारायची, आणि शाळेतल्या पोरांना तिचा चेंडू कुठं पडला हे समजेपर्यंत दुसरा आलेला असायचा. मलाही अण्णांनी शिकवून पाहिलं. मला स्कोर मोजता यायला लागला, खेळ आला नाही. तेव्हापासून मी घरातल्या भाकरी थापायच्या आणि आक्कानं कोर्टावर जायचं, अशी वाटणी आपोआप झाली. मला ती कधी पटली नाही, पण कुणी विचारलंही नाही.

बारावीच्या वर्षी आक्का शाळा-कॉलेजांच्या विभागीय सामन्यांत खेळली. तिथं औरंगाबादच्या एका कॉलेजातल्या खेळाच्या बाईंनी तिला पाहिलं आणि नंतर अण्णांना पोस्टकार्ड पाठवलं. मुलीला आमच्याकडे घाला, वसतिगृहाचं आम्ही बघू, रोज खेळायला मातीचं कोर्ट आहे, एवढाच मजकूर. ते कार्ड आक्कानं इतक्या वेळा वाचलं की त्याच्या कडा कापसासारख्या झाल्या.

त्याच उन्हाळ्यात थोरले काका वाटूरजवळचं एक स्थळ घेऊन आले. वीस एकर ओलिताची जमीन, मुलगा निर्व्यसनी, देण्याघेण्याचा आग्रह नाही. आषाढ लागायच्या आत लग्न उरकायचं होतं. एकदा पोर शहरात गेली की असं स्थळ पुन्हा उंबऱ्यावर येत नाही, असं काकांचं म्हणणं. अण्णा आठ दिवस हो म्हणेनात आणि नाहीही म्हणेनात. कोर्टावरून आले की पोस्टकार्ड बघायचे आणि काका आले की जमिनीची चौकशी करायचे. शेवटी काका वैतागून म्हणाले, ‘‘देवीपुढं कौल लावू. उजवं फूल पडलं तर लगन, डावं पडलं तर जाऊ दे तिला.’’

आमच्याकडं विहीर कुठं खणायची, बैल विकायचा की ठेवायचा, हे सगळं गावच्या देवीला विचारून होत असे. मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओलं फूल चिकटवायचं आणि कुठलं आधी गळतं ते बघत बसायचं. पडलेल्या कौलाच्या बाहेर कुणी जात नसे. अण्णा स्वतःला या सगळ्यापेक्षा शहाणे समजत. ते म्हणाले, ‘‘फुलाबिलावर माझा इश्वास न्हाई, दादा. फूल वाऱ्यानंबी पडतं. कौलच लावायचा तर खेळावर लावू. खेळ खोटं बोलत न्हाई.’’

तेव्हा फ्रेंच ओपन चालू होती. पॅरिसची, लाल मातीवरची. अण्णांनी ती कधी पाहिलेली नव्हती, आमच्याकडं टीव्ही कुठला. पण मेच्या शेवटापासून ते पेपरातला तो चार ओळींचा मजकूर आधी वाचायचे आणि मग बाकीचं जग. गवतावरच्या स्पर्धेचं त्यांना एवढं कौतुक नव्हतं. गवत काय, देवानंच उगवून दिलेलं, म्हणायचे. माती मात्र माणसाला करावी लागते. त्या वर्षी अंतिम सामन्यात एक डावखुरा अमेरिकन पोहोचला होता, महातापट, पंचांशी भांडणारा. आक्कानं त्याचा पेपरातला फोटो कापून रॅकेटच्या खोळीत ठेवला होता. वर्ष सुरू झाल्यापासून तो एकही सामना हरलेला नव्हता. अण्णा म्हणाले, ‘‘हा जिंकला तर पोरगी औरंगाबादला. हरला तर वाटूरला. बोला, मंजूर?’’

काकांना टेनिसमधलं काही कळत नव्हतं. त्यांनी एवढंच विचारलं, ‘‘कौल म्हणजे कौल ना? मंग फिरायचं न्हाई.’’

‘‘बिलकुल न्हाई,’’ अण्णा म्हणाले. आक्का दारामागं माझ्याशेजारी उभी होती. तिनं माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी तिथं हिरवं झालं. वर्षभर न हरलेला माणूस. अण्णांनी कौलाचं माप आधीच तिच्या पदरात टाकलं होतं, असं तिला वाटलं. मलाही तसंच वाटलं.

सामना रविवारी, आपल्या इथल्या संध्याकाळी. घरातल्या रेडिओचे सेल महिनाभर आधीच संपलेले होते. सोमवारी दुपारी एसटीनं पेपर आला. आमच्यासारख्या दूरच्या गावांसाठीचा अंक संध्याकाळीच छापून गाड्यांत टाकत, त्याला डाक आवृत्ती म्हणत. म्हणजे जग आमच्याकडं नेहमी संध्याकाळपर्यंतचंच पोहोचायचं. त्या अंकात खेळाच्या पानावर मथळा होता की डावखुरा विजयाच्या उंबरठ्यावर. खाली बारीक अक्षरात: वृत्त हाती आले तेव्हा तो दोन सेटनी पुढे होता. अण्णांना डाक आवृत्ती म्हणजे काय हे माहीत नव्हतं असं नाही. दरवर्षी पॅरिसचा अंतिम निकाल ते मंगळवारच्या अंकात वाचायचे. पण मनासारखं छापून आलं की माणूस बारीक अक्षर वाचत नाही.

‘‘उंबरठ्यावर म्हणजे घरातच की,’’ अण्णा म्हणाले. ‘‘दोन सेट घेतलेला हा गडी हरत असतोय का कुठं?’’

माय चुलीपाशी होती. ती म्हणाली, ‘‘उद्याचा पेपर येऊ द्या. बाजारात तुरी अन् तुमचं काय चाललंय.’’ तिच्याकडं कुणी लक्ष दिलं नाही.

त्या सोमवाराइतकं आनंदी आमचं घर मी आधीही पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. अण्णांनी गावाकडं जाणाऱ्या माणसाबरोबर काकांना निरोप धाडला की कौल आला, पोरगी जाते. संध्याकाळी काकांचा उलट निरोप आला, ‘‘बराबर. आला तर आला.’’ मायनं पत्र्याची ट्रंक काढून धुतली आणि उन्हात उघडी टाकली. बुधवारच्या पहिल्या एसटीनं निघायचं ठरलं. आक्का आणि अण्णा दिवस मावळेपर्यंत खेळले. मी शाळेच्या भिंतीपलीकडून चेंडूचा आवाज ऐकत भाकरी थापत होते. रात्री जेवताना आक्कानं डाव्या हातानं घास घेतला आणि कुणी काही बोललं नाही. मायनं घरातली एकुलती सोलापुरी चादर तिच्या ट्रंकेत घातली. मला सांगितलं, बुधवारपासून पाणी तुझं, झाडलोट तुझी. मी मान हलवली. तिला डोळे भरून बघावं आणि त्याच वेळी तिची ट्रंक विहिरीत ढकलून द्यावी, असं दोन्ही मला वाटत होतं. ती गेल्यावर रात्री मी कुणाशी बोलणार होते, हे कुणाच्याच ध्यानात आलेलं नव्हतं. तिच्याही नाही. त्याचाच मला जास्त राग आला.

मंगळवारी दुपारी पेपर आणायला स्टँडवर मी गेले. अण्णा प्रवेशाचा अर्ज भरत बसले होते आणि आक्का कोर्टावर पाणी मारत होती, जाण्याआधी एकदा सारवून ठेवायचं म्हणून. मी स्टँडवरच कडुनिंबाखाली पेपर उघडला. पान कुठलं ते मला माहीत होतं. डावखुरा हरला होता. दोन सेट घेऊन पुढचे तिन्ही घालवले होते. पुढं कधीतरी माझ्या वाचनात आलं की तिसऱ्या सेटमध्ये कुणा कॅमेरावाल्याच्या कानातल्या यंत्राची कुरकुर त्याला ऐकू आली, तो चिडला, आणि तिथून सामना फिरला. पॅरिसमध्ये कुणाच्या कानात काय वाजलं आणि इथं मंठ्यात काय झालं, यावर मी फार दिवस विचार केला. त्यातून माझ्या हाती काही लागलं नाही.

स्टँडपासून आमचं घर दहा मिनिटांवर. तेवढा वेळ माझ्याकडं होता. पेपर आला नाही म्हणून सांगता आलं असतं. एसटी चुकली की तो येतच नसे, अण्णांनी विश्वास ठेवला असता. बुधवारी पहाटे ते दोघं निघून गेले असते. अर्ज दिला असता, वसतिगृहाची खोली मिळाली असती, आणि पुढं निकाल कळून कोण काय करणार होतं? हे सगळं मला तेव्हाच कळत होतं, चौदा वर्षांची असले तरी. मी काही बावळट नव्हते. वाटेत एक नाला लागतो, तिथं मी थांबलेही. मग घरी गेले आणि दारातूनच म्हणाले, ‘‘अण्णा, तो हरला.’’

अण्णांनी पेपर घेऊन वाचला. पुन्हा वाचला. मग पेनाला टोपण लावलं. माय म्हणाली, ‘‘कशाला मनावर घेऊन राह्यलाव? पोरगी काय त्या गोऱ्याच्या भरवशावर जन्माला आल्ती का? जाऊ द्या तिला.’’ अण्णा म्हणाले, ‘‘कौल मीच लावला. काल जिंकलो म्हणून दादांनी एका शब्दात मानलं. आज हरलो तर मी फिरू? पोरांना काय शिकवतो मी रोज?’’

तेवढ्यात आक्का आली. तिचे पाय घोट्यापर्यंत लाल झालेले होते. तिनं आमची तोंडं पाहिली आणि अण्णांच्या हातातला पेपर पाहिला.

‘‘किती सेट झाले?’’ तिनं विचारलं.

‘‘पाच,’’ मी म्हणाले.

‘‘पाच का,’’ ती म्हणाली आणि पाय धुवायला मोरीकडं गेली. बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला.

ती रडली नाही, भांडली नाही. भांडली असती तर अण्णा वितळले असते असं मला वाटायचं. लग्न त्याच महिन्याच्या शेवटी झालं. उन्हात वाळवलेली ट्रंक तशीच रुखवतात गेली, सोलापुरी चादरीसकट. रॅकेट तिनं न्यायला मागितली नाही. तिच्या घरची माणसं चांगली निघाली, हे खरं आहे आणि ते सांगायला हवं. नवरा शांत, सासू मायाळू. तिला दोन मुलगे झाले. तिच्या आयुष्याचं वाटोळं झालं असं कुणालाही म्हणता येणार नाही, आणि म्हणूनच त्या मंगळवाराबद्दल कधी कुणाला बोलताही आलं नाही.

अण्णांनी पुढचं वर्षभर एकट्यानं कोर्ट राखलं. सारवायला माय यायची, पण एकटीला एवढं होत नसे. मग कडा उखडल्या, गवत आलं. पुढं शाळेनं तिथं दोन खोल्या बांधल्या. अण्णा पेपर वाचत राहिले, फक्त जूनमधल्या त्या एका सोमवारचं खेळाचं पान ते उघडायचे नाहीत. मंगळवारी वाचायचे. त्यांनी या विषयावर मरेपर्यंत एक शब्द काढला नाही. आक्का माहेरी आली की ते तिला फार जपायचे, पाहुण्यासारखं. स्वतःच्या हातानं तिच्या अंघोळीचं पाणी काढायचे. मला ते बघवत नसे.

आणि मी. तीन वर्षांनी मी बारावी झाले. एके दिवशी अण्णा शाळेतून आले आणि म्हणाले, ‘‘औरंगाबादचा अर्ज आणलाय, सही कर.’’ बस, एवढंच. काकांना त्यांनी प्रवेश झाल्यावरच कळवलं. मी त्याच कॉलेजात गेले, त्याच वसतिगृहात राहिले, पुढं शिक्षिका झाले. औरंगाबादची एसटी वाटूरच्या फाट्यावरून जाते. मी जाणार असले की आक्काला आधी पत्र टाकायचे. ती फाट्यावर उभी असायची, डोक्यावर पदर, हातात धपाट्यांचा डबा. गाडी दोन मिनिटं थांबायची. ती डबा खिडकीतून आत द्यायची, डाव्या हातानंच, आणि म्हणायची, ‘‘जल्दी खा, नरम हायेत तवर.’’ पाच वर्षांत तिनं कॉलेजबद्दल मला एकही प्रश्न विचारला नाही. तिथं मातीचं कोर्ट खरंच आहे का, हेसुद्धा नाही. होतं. मी त्याच्या कडेनं रोज जायचे.

या गोष्टीला वीस-एक वर्षं झाली असतील, तेव्हा मी उन्हाळ्याच्या सुट्टीत वाटूरला आक्काकडं गेले होते. अण्णा त्याच्या आदल्या वर्षी वारले होते. तिच्याकडं केबल आली होती. रविवारची संध्याकाळ, मुलं कुठंतरी गेलेली, दाजी शेतात. ती परातीत तूर घेऊन खडे काढत होती आणि मी चॅनल बदलत होते. अचानक समोर सगळं लाल झालं. पॅरिसचाच अंतिम सामना. मी पटकन पुढं जाणार होते.

‘‘राहू दे,’’ ती म्हणाली.

आम्ही बघत राहिलो. तिनं ती माती पहिल्यांदाच रंगात पाहिली असावी. खेळाडू घसरत जाऊन मारत होते आणि मागं पायांचे लांब ओरखडे उमटत होते. ‘‘केवढी लाल हाय गं,’’ ती म्हणाली. ‘‘आपली एवढी लाल न्हवती. शेणानं काळवंडायची.’’ मग बऱ्याच वेळानं, एकाचा चेंडू रेषेवर पडला तेव्हा, परातीतला तिचा डावा हात थोडासा वळला. तिला ते कळलं नसावं.

मला राहवलं नाही. टीव्हीकडं बघतच मी म्हणाले, ‘‘आक्का, त्या मंगळवारचा पेपर मला लपवता आला असता. मी स्टँडवरच वाचला होता. नाल्यापाशी थांबलेबी होते. मुद्दाम घरी आणला.’’

तिनं तुरीतला एक खडा काढून बाजूला ठेवला. ‘‘मला माहीत हाय,’’ ती म्हणाली.

‘‘कसं?’’

‘‘तू दारातूनच सांगितलंस. अण्णांनी इचारायच्या आधी. भिंतीपल्याड कोर्टावर ऐकू आलं मला.’’

‘‘मंग एवढी वर्षं बोलली का न्हाईस?’’

‘‘काय बोलायचं? औरंगाबादच्या स्टँडवर काय पेपर भेटत न्हाईत? तिथं वाचून मला तसंच वापस आणलं असतं अण्णांनी.’’

‘‘न्हाई आणलं असतं,’’ मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. ‘‘त्यांच्या मनात तुला पाठवायचंच होतं. हरणारच न्हाई असा माणूस बघून कौल लावला त्यांनी.’’

आक्का हसली नाही, चिडलीही नाही. ‘‘तुला पाठवलं तव्हा कुणावर लावला होता?’’ तिनं विचारलं.

टीव्हीवर लोक टाळ्या वाजवत होते. ‘‘ज्याला पाठवायचं असतं तो कौल लावत न्हाई, बाई,’’ ती म्हणाली. तिनं परात हलवून तूर सारखी केली आणि पुन्हा खडे बघायला लागली. मला वाटलं, झालं, एवढ्यावर सुटले मी. तिनं मला मोकळं केलं, सगळं अण्णांवर गेलं. मग ती खाली बघूनच म्हणाली, ‘‘पण बुधवारची एसटी तर सापडली असती मला. ट्रंक वर टाकून खिडकीपाशी बसले असते. नंतर धा खेपा गेले औरंगाबादला, लगनाला गेले, दवाखान्यात गेले. तसं न्हाई. त्या दिवशी गेले असते. तेवढं तू करायला पाहिजे होतं.’’